इशारा नक्की कुठल्या गावाला?

(दृश्य : ठाणे, नौपाडा. सहल कंपनीचं छोटं ऑफिस. टेबलावर थायलंडचा नकाशा.)

जुलै २०२५मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर गोळीबार सुरू झाला. बँकॉकच्या भारतीय दूतावासाने थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाचा हवाला देत सूचना काढली, की सात प्रांतांतल्या ठिकाणी जाणं टाळा. उबोन रात्चथानी, सुरिन, सिसाकेत, बुरिराम, सा काएओ, चांथाबुरी आणि त्रात.

घरच्या ग्रुपवर मात्र पोचलं एवढंच : ‘थायलंडमध्ये युद्ध’. लगेच फोन, ‘आमचं कॅन्सल करा’.

(दृश्य : नकाशावर फिरणारं बोट.)

हे सातही प्रांत कंबोडियाच्या बाजूला. फुकेत, क्राबी पार दुसऱ्या टोकाला, अंदमान समुद्राकाठी. बँकॉक आणि पट्टायाही यादीत नाहीत. कोह चांग बेट मात्र त्रात प्रांतात, तिथलं बुकिंग असेल तर नीट चौकशी करायलाच हवी होती. म्हणून सूचना आली की आधी हॉटेल कुठल्या प्रांतात आहे ते विचारायचं.

आता उलटं बघा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं २०१८पासून देशांना एक ते चार अशा पातळ्या देतं. चार म्हणजे जाऊच नका. भारताच्या पानावर नक्षलवादाच्या संदर्भात पूर्व महाराष्ट्राचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं. म्हणून ठाण्यातल्या कुणी मे महिन्यातली ताडोब्याची सफारी रद्द केली? चंद्रपूर आपलं. भाषा येते, जेवण ओळखीचं, अडलं तर फोन कुणाला लावायचा तेही ठाऊक. थायलंडला यातलं काहीच हाताशी नसतं, मग सात प्रांतांचा अख्खा देश होतो.

पैशाचं गणित वेगळंच. सूचना निघाल्यावर घेतलेला प्रवास विमा बहुतेकदा त्याच कारणाने रद्द झालेल्या सहलीचे पैसे देत नाही. पॉलिसी पहिल्या हप्त्याबरोबरच घ्यावी, आणि ‘काय वगळलंय’ ते पान आधी वाचावं. व्हिसाची फी भरली असेल, तर ती गेलीच समजा.

(दृश्य : स्वयंपाकघर. फराळाचा डबा भरला जातोय.)

खरी गफलत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या देशात. दुबई कुणाला परकी वाटत नाही. तीन-साडेतीन तासांचं विमान, दुकानात हिंदी. त्यामुळे तिथले नियम कोणी वाचतच नाही. आपण अनारसे खसखशीवर थापतो, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर अमली पदार्थ म्हणून बंदी आहे. विमानतळावर सापडली तर अटकेपर्यंत जाऊ शकतं. सिंगापूरलाही परवानगीशिवाय नेता येत नाही.

अनारशावरची खसखस निदान डोळ्यांना दिसते. करंजीच्या सारणात ती खोबऱ्याबरोबर भाजून मिसळलेली असते, कांदा-खोबऱ्याच्या मसाल्यात तर वाटलेली. ते डबे घरीच ठेवा. चकली, शंकरपाळे खुशाल न्या. चिवडा भरण्याआधी मात्र फोडणीत काय घातलंय ते करणाऱ्याला एकदा विचारा.