शेवटच्या वीस पोस्ट

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘सोशल मीडियावर कोणत्या सेलिब्रिटींना फॉलो करावं?’ नावं सांगणार आहे, काळजी नको. पण नुसती यादी सहा महिन्यांत शिळी होते, म्हणून आधी पारख कशी करायची ते बघू.

कसोटी सोपी आहे. प्रोफाइल उघडा आणि शेवटच्या वीस पोस्ट मोजा. त्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात जाहिराती. दुसऱ्यात स्वतःच्या सिनेमा-नाटकाचं प्रमोशन, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सणाचे फोटो. तिसऱ्यात त्या माणसाकडूनच मिळू शकेल असं काही: त्याच्या कामातली माहिती, निरीक्षण, कला, भाषा. तिसऱ्या ढिगात सात-आठ पोस्ट निघाल्या तर ठेवा. दोनच निघाल्या तर सोडून द्या, माणूस कितीही लाडका असो.

मोजताना तीन ठिकाणी फसायला होतं. इन्स्टाग्रामवर सगळ्यात वर तीन पोस्ट पिन करून ठेवता येतात. त्या दुकानाच्या काचेतला माल. त्या वगळून मोजा. दुसरं, सिनेमा लागायच्या आधीचे तीन-चार आठवडे बघू नका. त्या काळात प्रमोशन हा कामाचाच भाग असतो, त्यात कुणीही नापासच होईल. दोन प्रदर्शनांच्या मधला काळ बघा. तिसरं, बऱ्याच जाहिराती स्टोरीत टाकल्या जातात आणि 24 तासांत दिसेनाशा होतात. प्रोफाइल स्वच्छ दिसतं, स्टोरी मात्र फेसवॉशने भरलेली. आठवडाभर स्टोरी बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

आता नावं. क्रिकेटपासून सुरू करू, कारण मुंबईत दुसरीकडून सुरुवात केली तर सभागृह ऐकून घेणार नाही. सचिन तेंडुलकर यांच्या खात्यावर जाहिराती भरपूर असतात, हे आधीच सांगतो. पण एखादा फलंदाज कसा बाद झाला, चेंडू कुठून आत आला, यावर ते लिहितात तेव्हा ते वाचण्याजोगं असतं. सामना समजून घ्यायचा असेल तर मात्र हर्षा भोगले आणि मराठीतून सुनंदन लेले. खेळपट्टी, संघनिवड, मैदानाबाहेरचं वातावरण हे लेले यांच्या व्हिडिओंत मिळतं. चकचकीतपणा कमी, माहिती जास्त.

अमिताभ बच्चन यांना एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, फॉलो करण्याचं कारण वेगळं आहे. ते आपल्या पोस्टना क्रमांक देतात, ‘टी’ हे अक्षर आणि पुढे आकडा. 2008 पासून ब्लॉगही लिहितात. हे पीआर कंपनीनं लिहिलेलं वाटत नाही, आणि तिसऱ्या ढिगाची तीच खूण. तोच मजकूर, तेच हॅशटॅग, तीच इमोजी एकाच दिवशी पाच कलाकारांच्या खात्यावर दिसली, तर तो मजकूर कुठून तरी वाटला गेलाय असं समजा.

गाण्यासाठी राहुल देशपांडे. वसंतराव देशपांड्यांचे नातू ही ओळख बाजूला ठेवली तरी त्यांचे व्हिडिओ ऐकावेत असे असतात. तीस सेकंदांच्या रीलवर समाधान मानू नका. पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर ऐका. स्वयंपाकासाठी मधुरा बाचल. पाककृतीचं कुठलंही चॅनेल पारखताना तीन गोष्टी बघा. प्रमाण वाटीत सांगितलं असेल तर ती वाटी दाखवली का, गॅस मोठा की मंद हे दर टप्प्याला सांगितलं का, आणि साहित्याची यादी व्हिडिओखाली लिहिली का. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांना विनोदासाठी सगळे ओळखतात. 2022 मध्ये यूएनडीपीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं, त्यांना भारतातली पहिली ‘युथ क्लायमेट चॅम्पियन’ नेमलं. घरातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत हवामानबदलाचा विषय पोचवायचा असेल तर ते खातं चालेल.

पावसाळ्याचे चार महिने मुंबईकरानं सिनेनट थोडे बाजूला ठेवावेत आणि हवामानवाल्यांना फॉलो करावं. हवामान खात्यात वर्षानुवर्षं काम केलेले कृष्णानंद होसाळीकर हे या शहरातले खरे सेलिब्रिटी, असं मी म्हणेन. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे वाचताना आकडे लक्षात ठेवा: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, 115.6 पासून ‘अतिमुसळधार’, आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. लाल इशारा म्हणजे लोकल बंद, असा अर्थ होत नाही; त्यासाठी मध्य आणि पश्चिम रेल्वेची खाती वेगळी बघावी लागतात.

व्यायामाच्या खात्यांवर जरा थांबतो, कारण तिथे नुसत्या बघण्यानंही दुखापत होऊ शकते. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, मग 42.2 किलोमीटर धावणं. ते अनवाणी धावतात. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू होते, हा पाया व्हिडिओत दिसत नाही. चाळिशीतल्या माणसानं तो व्हिडिओ बघून शिवाजी पार्कभोवती फुटपाथवर अनवाणी पाच किलोमीटर मारले, तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरलीच म्हणून समजा. बुटात टाच उचललेली असते. अनवाणी धावताना त्या शिरेवर अचानक जास्त ताण येतो. प्रेरणा घ्या, वेळापत्रक उचलू नका. आहार आणि औषधांबद्दल कुणी बोलत असेल तर त्याची पदवी विचारा. ऑगस्ट 2023 मधल्या केंद्राच्या सूचनांनुसार आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यानं आपली पात्रता सांगायची असते, आणि सेलिब्रिटीनं आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करायचं असतं.

जाहिरात ओळखायची कशी? ॲस्की या जाहिरात-नियमन संस्थेचे 2021 चे नियम अगदी मोजून दिलेले आहेत. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीचं लेबल निदान 3 सेकंद दिसलं पाहिजे. 15 सेकंद ते 2 मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठ्यात, वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर पूर्ण वेळ. पैसे मिळाले नसले आणि वस्तू फुकट आली किंवा सहल घडवली, तरी सांगावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? लेबल पंचवीस हॅशटॅगच्या रांगेत विसावं असतं, ‘आणखी’ दाबल्याशिवाय दिसत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. लेबल स्वच्छ लावणारा सेलिब्रिटी जाहिराती करत असला तरी माझ्या मते फॉलो करण्यालायक आहे; लपवणारा नाही.

आता खरं खातं कोणतं. निळ्या टिकवर विसंबू नका. 20 एप्रिल 2023 ला ट्विटरनं जुन्या, तपासून दिलेल्या टिका काढून टाकल्या. बच्चन, शाहरुख, कोहली, सगळ्यांच्या गेल्या. बच्चन यांनी हात जोडून, पैसे भरलेत आता तरी परत द्या, अशी गमतीची विनवणी केली होती. त्यानंतर तिथे टिक पैसे भरून मिळते. त्याच वर्षी जूनमध्ये मेटानंही, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीनं, भारतात महिना 699 रुपयांत मोबाइलवर टिक द्यायला सुरुवात केली. मेटा ओळखपत्र तरी मागतं.

टिकेपेक्षा ही तपासणी करा. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत ‘या खात्याबद्दल’ असा पर्याय येतो. खातं कधी उघडलं, कोणत्या देशातून चालतं आणि नाव किती वेळा बदललं, हे तिथे दिसतं. फेसबुक पेजवर हीच माहिती ‘पेज ट्रान्स्परन्सी’त मिळते. नटाचं पेज, चालवणारे तिसऱ्याच देशात आणि नाव चार वेळा बदललेलं, म्हणजे मीम पेज विकत घेऊन त्यावर नवी पाटी लावलीय.

जानेवारी 2024 मध्ये तेंडुलकरांचा एका गेमिंग ॲपची शिफारस करणारा व्हिडिओ फिरला. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, आणि आपली मुलगीही ते खेळते असं त्यात म्हटलेलं. व्हिडिओ बनावट असल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हाही नोंदवला गेला. अशा व्हिडिओत ओठ बघा. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. कच्च्या नकलेत ते अर्धवट उघडे राहतात. पण नक्कल चांगली असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा दोनच प्रश्न: हा व्हिडिओ त्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यावर आहे का, आणि लिंक आपल्याला प्ले स्टोअरबाहेर नेते का? पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

शेवटी मांडणी. इन्स्टाग्रामवर आवडत्यांत 50 खाती ठेवता येतात. वरच्या ‘इन्स्टाग्राम’ या नावावर टॅप करून ‘फेव्हरिट्स’ निवडलं की तीच, वेळेच्या क्रमानं दिसतात. अपडेट आलं की बटणाची जागा बदलते, तेव्हा शोधा. एक्सवर खासगी लिस्ट करा: पावसाची एक, क्रिकेटची एक. लिस्टमध्ये घालायला फॉलो करावं लागत नाही आणि समोरच्याला कळतही नाही. लग्नात भेटणाऱ्या ओळखीच्या कलाकाराला अनफॉलो करणं जड जात असेल तर म्यूट करा, त्याचाही पत्ता लागत नाही. आणि ज्याचा राग येतो त्याच्या पोस्टखाली भांडायला जाऊ नका. प्रतिक्रिया रागाची आहे म्हणून ॲप ती कमी धरत नाही. उद्या त्याच माणसाच्या चार पोस्ट वर येतील. ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा आणि पुढे सरका.