ओंजळीतलं गढूळ पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना उधाणाची रात्र म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती चढली की माझे आजोबा कंदील घेऊन बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर जायचे. बांधाच्या माथ्याकडे ते बघतही नसत. आतल्या अंगाला, पायथ्याशी उकिडवे बसून चिखलावरून हात फिरवायचे. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं की ओंजळीत घेऊन कंदिलापाशी धरायचे. नितळ असलं तर पुढे चालू लागायचे. गढूळ असलं तर हाक मारायचे, आणि घराघरांतून माणसं घमेली-फावडी घेऊन धावायची. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती निघाली. आता खांड पडणार, बांध फुटणार.

ही ओंजळ मला पुन्हा भेटली ती नेदरलँड्सबद्दल वाचताना. ऱ्हाईन आणि म्यूज नद्यांच्या मुखाशी वसलेला हा देश. रॉटरडॅमसारखी शहरं, लाखोंची वस्ती, आणि बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्याही खाली. तिथे मुख्य बांधांचीच लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. नदीला पूर आला की बाहेरच्या पाण्याचा दाब बांधाखालच्या वाळूच्या थरातून आत शिरतो आणि बांधामागच्या शेतात झरा फुटतो. झऱ्याभोवती वाळूचा छोटासा ढीग साचायला लागला की समजायचं, बांधाखाली बोगदा पोखरला जातोय. मग त्या झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांची विहीर रचतात. झरा बुजवत नाहीत. विहिरीत पाणी चढू देतात. आतलं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाला तोल मिळतो आणि वाळू वाहायची थांबते. झरा बुजवला, तर पाणी शेजारी दुसरी वाट काढणारच.

१९५३ साली, ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्र चढला आणि त्या देशात १,८३६ माणसं दगावली. त्याच रात्री न्यूवेकर्क गावाजवळ एका बांधाला खांड पडू लागली. त्या बांधामागे दक्षिण हॉलंडची दाट वस्ती होती. आरी एव्हेग्रुन नावाच्या नावाड्याने आपलं जहाज त्या खांडीत आडवं घातलं, आणि ते तिथे बसलं. श्रोतेहो, लाखो लोकांचा जीव एका जहाजाच्या बुडावर तरला. याला धैर्य म्हणायचं, भरवसा म्हणता येत नाही.

त्यानंतर तिथे हिशेब सुरू झाला. हॉलंडच्या किनाऱ्यासाठी ठरलं, की कुठल्याही एका वर्षी पाणी बांधासाठी ठरलेल्या पातळीच्या वर जाण्याची शक्यता १०,०००त १ एवढीच असावी. ऐकायला भक्कम वाटतं. पण हा हिशेब पाण्याचा होता, बांधाचा नव्हता. पाणी माथ्याच्या हातभर खाली असतानाही बांध घसरतो, पोखरला जातो. शिवाय दहा मीटर बांध आणि शंभर किलोमीटर बांध, उंची तीच, माती तीच, तरी दोघांचा भरवसा सारखा नाही. लांबी वाढली की कुठेतरी कच्ची जागा असण्याची शक्यताही वाढते, आणि पाण्याला तेवढी एकच जागा पुरते. म्हणून २०१७पासून तिथे प्रश्नच बदलला. पाणी किती चढेल यावर न थांबता, बांध फुटून पूर येण्याची शक्यता किती, हे आता तपासतात. बांधामागच्या कुणाही माणसाचा पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला १,००,०००त १हून जास्त नसावी, हे पायाभूत माप. मला हे माप फार मोलाचं वाटतं, कारण त्यात बांधामागचा माणूस मोजला जातो.

आणि तरीही चकवा बसतोच. २००३च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावाजवळ कालव्याचा बांध सरकला, तोही कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात! तो बांध पीटचा, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या मातीचा होता. उन्हाने वाळून ती माती हलकी झाली, आणि कालव्याच्या नेहमीच्याच पाण्याने तिला ढकललं. सगळ्यांची नजर ओल्या दिवसांवर होती. दगा दिला सुक्याने.

समुद्रातून रॉटरडॅमला जाणाऱ्या जलमार्गावर, वादळात चढणारं पाणी अडवायला, १९९७मध्ये पुरा झालेला मासलांटचा प्रचंड दरवाजा आहे. दोन पाती, प्रत्येक २१० मीटर लांब. वादळाची सूचना मिळाली की संगणकच तो मिटवतो. पण ऐनवेळी तो मिटलाच नाही तर? ही शक्यताही आकड्यात मांडलेली आहे. दरवर्षी वादळी मोसमाआधी तो मुद्दाम मिटवून बघतात.

आता १९९५ची गोष्ट. नद्या इतक्या फुगल्या, की सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांधांवर रात्रंदिवस स्वयंसेवक फिरत होते, आतल्या पायथ्याशी झरे शोधत. बांध टिकले. माणसं परतली. आपल्याकडे असं झालं असतं, तर बांध चांगला आहे म्हणून आपण नारळ वाहिला असता. त्यांनी कायदा केला आणि न फुटलेले तेच बांध घाईघाईने मजबूत करायला घेतले.