एकाच मापाचे दोन स्वेटर

श्रोतेहो, नमस्कार.

अल्पाकाची लोकर अधिक उबदार की मेंढीची, आणि या दोहोंत टिकाऊ कोणती, असा प्रश्न कोणी विचारला की मला माझ्या मावशीने एकाच हिवाळ्यात विणलेले दोन स्वेटर आठवतात. त्यांची हकिकत मी आज सविस्तर सांगणार आहे. ती नीट कळावी म्हणून आधी उबेविषयी थोडे बोलते.

लोकर तंतूंच्या मधल्या जागेत हवा अडवून धरते आणि ती अडलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मेंढीच्या, विशेषतः मेरिनो मेंढीच्या, तंतूला बारीक नागमोडी कुरळेपणा असतो, त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मध्ये हवा राहते. अल्पाका हा पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून 3,500 मीटरांहून अधिक उंचीवर पाळला जाणारा, उंटाच्या कुळातला प्राणी आहे. त्याच्या तंतूला कुरळेपणा कमी असतो, परंतु अनेक तंतूंच्या गाभ्यात हवेचे सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यामुळे तो वजनाच्या मानाने चांगली ऊब देतो. अल्पाकाचा प्रत्येक तंतू नळीसारखा पोकळ असतो, असे जाहिरातींत सर्रास लिहिलेले असते आणि ते वाचून मला मनापासून चीड येते, कारण हा गाभा जाड तंतूंत अधिक आणि तलम तंतूंत अगदी थोडा असतो किंवा नसतोच. ग्राहक मात्र त्याच भरवशावर सर्वांत तलम आणि सर्वांत महाग लोकर विकत घेतो. पुन्हा सांगते, श्रोतेहो: ऊब अडलेल्या हवेची असते, आणि ती हवा किती अडेल हे प्राण्याइतकेच विणीवरही अवलंबून असते.

आता ते स्वेटर. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ यांची अंगलट सारखी होती, म्हणून मावशीने दोघांसाठी एकाच नमुन्याचे, त्याच सुयांवर, तेवढेच टाके घालून स्वेटर विणले. काकांचा स्वेटर भेट म्हणून आलेल्या अल्पाकाच्या लोकरीचा होता आणि धाकट्या काकांचा मेंढीच्या लोकरीचा. पहाटेच्या कोरड्या, निवांत थंडीत काकांना वरून शाल लागत नसे आणि गळ्याशी काही टोचतही नसे. धाकट्या काकांची मान पहिले काही दिवस खाजत राहिली. परंतु पावसाची भुरभुर झाली किंवा चालून घाम आला, तरी त्यांना अंगात ओल जाणवत नसे, कारण मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही.

मग धुण्याचा दिवस आला. अल्पाकाचा स्वेटर हातांनी धुतला गेला, पण ओलाच खांद्यांना चिमटे लावून दोरीवर टांगला गेला. मेंढीचा स्वेटर घाईघाईत इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये, गरम पाण्यात गेला. संध्याकाळी मावशीने दोन्ही चटईवर शेजारी शेजारी पसरले आणि मापाची फीत धरायला मला बसवले. काकांच्या स्वेटरची बाही वीतभर लांबली होती. धाकट्या काकांचा स्वेटर माझ्या, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीच्या, अंगालाही तंग झाला असता. तो नमद्यासारखा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या कापडासारखा, जाड झाला होता आणि त्यातला एकही टाका वेगळा दिसत नव्हता. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने कात्री घेतली आणि आटलेला स्वेटर मधोमध कापला. कापलेल्या कडेतून एकही धागा सुटला नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

असे का झाले, ते थोडक्यात सांगते. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. मेंढीच्या तंतूचे खवले अधिक उठावदार असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. अल्पाकाचे खवले चपटे असतात, म्हणून तो मऊ लागतो; मात्र गरम पाण्यात रगडला तर तोही आटतो. त्याची खरी अडचण निराळी आहे. मेंढीच्या तंतूचा कुरळेपणा स्प्रिंगचे काम करतो. अल्पाकात ती स्प्रिंग दुबळी असते, म्हणून ओल्या वजनाने तो ताणला जातो आणि पूर्वपदावर येत नाही. म्हणून दोन्ही लोकरी गार पाण्यात, न पिळता धुवाव्यात आणि आडव्या पसरून वाळवाव्यात. टांगू नयेत, श्रोतेहो, आडव्या पसराव्यात. आणि कसर दोन्हींना सारख्याच आवडीने खाते, तेव्हा स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवाव्यात.

मावशीने लांबलेला स्वेटर उसवला, धागा गुंडाळून ठेवला आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच्या जोडीला मेंढीच्या लोकरीचा एक पेड धरून, बारीक सुयांवर, तोच स्वेटर पुन्हा विणला. अल्पाकाचा मऊपणा राहिला आणि मेंढीच्या पेडाने आकार धरला. माझ्या मते रोज वापरायच्या स्वेटरला हे मिश्रणच सर्वांत योग्य आहे. निव्वळ अल्पाका शालीला आणि मफलरला शोभतो, कारण तिथे ताण थोडा असतो आणि झोकदारपणा हवाच असतो.

तो स्वेटर आज माझ्याकडे आहे. बाह्या मनगटापाशी जिथे संपायला हव्यात तिथेच संपतात. कोपरे तेवढी झिजली होती. मावशीने तिथे आतून दोन गोल ठिगळे लावली आहेत आणि ती धाकट्या काकांच्या आटलेल्या स्वेटरातून कापलेली आहेत.