पॅच आता कोणाकडे आहे?

(नांदेड येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, पॅच, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, कसा तयार करायचा हे आपण शिकला आहात. मला बोलायचे आहे ते पॅच पाठवल्यानंतरच्या काळाविषयी. कारण चांगले पॅच वाया जातात ते पुष्कळदा दोषांमुळे नव्हे, तर पुढचे पाऊल कोणी उचलायचे हे ठरलेले नसल्यामुळे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, म्हणून फेरफाराचे उदाहरण घेतो. जमीन विकत घेतली की सातबाऱ्यावर लगेच नाव चढत नाही. तलाठी नोंदवहीत क्रमांक देऊन नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. बग ट्रॅकरने, म्हणजे प्रोग्रॅममधील दोषांच्या (बगांच्या) नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीने, पॅचसाठी हेच करावे, अशी माझी अपेक्षा आहे: बदलाला क्रमांक मिळावा, हरकत सर्वांसमक्ष नोंदली जावी, आणि प्रकरण या क्षणी कोणाकडे आहे हे कोणालाही पाहता यावे.

मोझिला या ब्राउझर प्रकल्पासाठी 1998 मध्ये सुरू झालेल्या बगझिला या ट्रॅकरने या शेवटच्या अपेक्षेला चांगले रूप दिले. तिथे पॅच त्या बगलाच जोडला जातो आणि त्यावर रिव्ह्यूची (तपासणीची) खूण लावता येते: प्रश्नचिन्ह म्हणजे तपासणी मागितली आहे, अधिक म्हणजे मान्य, उणे म्हणजे अमान्य. प्रश्नचिन्हासोबत तपासणाऱ्याचे नाव देता येते, ही मला या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण ‘कोणीतरी पाहील’ या भरवशावर टाकलेले काम कोणीच पाहत नाही. सुधारित पॅच आला की जुन्यावर कालबाह्य अशी खूण करता येते; तो नाहीसा होत नाही, त्यामुळे कोणती हरकत कशी दूर झाली हे नंतर येणाऱ्यालाही वाचता येते.

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमच्या ट्रॅकरमध्ये ‘पॅच’ असा टॅग आहे, परंतु तो पॅच उपलब्ध आहे एवढेच सांगतो. तिथे प्रत्येक पॅकेजची (स्वतंत्रपणे बसवता येणाऱ्या प्रोग्रॅमची)  जबाबदारी सहसा ठरलेली असल्याने तेवढे पुरते. आपल्या लहान प्रकल्पांनी नुसता टॅग उचलला तर पुरणार नाही. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, पॅच आजही मुख्यतः मेलने जातात, तरीही त्यातील अनेक उपविभागांना प्रत्येक पॅचची स्थिती दाखवणारी पॅचवर्क ही प्रणाली वापरावीशी वाटली, हे लक्षात घ्यावे.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात, तो सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर असताना, बग आणि पॅच यांचे ट्रॅकर वेगळे होते. 2007 मध्ये राउंडअप या ट्रॅकरवर आल्यावर दोन्ही एकाच नोंदीखाली आले. मला हीच पद्धत योग्य वाटते. समजा, मजकूर लिहिण्याच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ असा उमटतो. हे मराठी न वाचणाऱ्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) नुसता कोड पाहून कळणार नाही. नमुना मजकूर, फॉन्ट, आवृत्ती आणि अपेक्षित रूप त्याच नोंदीत असेल, तरच त्याला पॅच तपासता येईल.

महाविद्यालयीन प्रकल्पांत दरवर्षी जुने विद्यार्थी बाहेर पडतात आणि त्यांच्या नावावरची कामे तशीच अडकून राहतात. म्हणून शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, जाण्यापूर्वी अशा प्रत्येक नोंदीत काय झाले आणि काय उरले ते लिहावे, आणि पुढे काम करणाऱ्याला विचारून तिथे त्याचे नाव घालावे.