पेशी गेली, गाठ उरली

पडद्यावर ही जी काळी, ज्वाळेच्या आकाराची गाठ दिसतेय, ती एका चेतापेशीच्या पोटात होती. पेशी मेली, तिचं आवरण विरलं. गाठ तेवढी मागे राहिली. १९०६ साली स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या, ५५ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर यांचं निधन झालं. त्यांच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तेव्हा त्यांना दिसल्या त्या अशाच गाठी. या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं.

ही गाठ येते कुठून? त्यासाठी निरोगी पेशीत शिरूया.

चेतापेशीला लागणारी बहुतेक प्रथिनं तिच्या मुख्य भागात तयार होतात. तिथून ती ॲक्सॉन या लांब तंतूच्या पार टोकापर्यंत जायला हवीत. तंतूच्या आत जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका असतात. ही बघा, किनेसिन या हमाल प्रथिनाची जोडी. ८-८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत ती या नलिकेवरून माल वाहून नेतेय. आणि नलिकांना बिलगून, त्यांना आधार देणारं प्रथिन म्हणजे टाऊ.

अल्झायमरमध्ये टाऊवर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढतं. त्याची नलिकेवरची पकड सुटते. सुटलेले टाऊ एकमेकांना चिकटतात, त्यांचे पीळदार धागे होतात, धाग्यांची गाठ होते. इकडे आधार गेलेल्या नलिका ढासळू लागतात आणि वाहतूक रखडते. पेशीबाहेर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचलेले असतात. त्यांच्या आसपासचे तंतू ठिकठिकाणी फुगतात, वेडेवाकडे होतात.

पण गाठी आणि थर डोळ्यांत भरतात म्हणून तिथेच थांबू नका. दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात तो सिनॅप्स बघा. शाखांवरचे बारीक काटे एकेक करून गळताहेत. पेशी अजून जिवंत आहे, पण ती एकटी पडत चालली आहे. रुग्णाची स्मृती किती ढासळली, याच्याशी सर्वांत घट्ट नातं दिसतं ते सिनॅप्स गमावण्याचं.

टाऊच्या गाठींची ही पडझड हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागाच्या दाराशी, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये लवकर सुरू होते. नव्या आठवणी साठवण्याची वाट इथूनच जाते. म्हणूनच लहानपणीचं सगळं सांगणारी व्यक्ती सकाळचं बोलणं विसरते.

लेकानेमॅबसारखी औषधं अमायलॉइड हटवतात, ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात. गेलेले सिनॅप्स ती परत आणू शकत नाहीत. मेंदूतले हे बदल लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेले असतात. फॉस्फेट चढलेला टाऊ रक्तात शोधणाऱ्या चाचण्यांचं मोल आहे ते यामुळेच.