घुसले
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : अंगण. निंबाची फांदी. तिच्यावर दोर घासून पडलेला गुळगुळीत पट्टा.]

हा झोक्याचा व्रण. अमळनेर तालुक्यातल्या या घरी दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतात. 2025 मध्ये अखाजी आली 30 एप्रिलला. लेकी माहेरी आल्या, खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. झोका मात्र रिकामाच लोंबत राहिला. 22 एप्रिलला पहलगाममध्ये पर्यटकांना मारलं होतं, आणि या घरचा धाकटा जम्मूकडे ड्यूटीवर होता. जम्मूकडे म्हणजे नेमकं कुठं, ते घरालाही माहीत नाही. फौजीच्या घरी हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गावात त्याला 'मेजर' म्हणतात. हुद्द्यानं तो नाईक आहे. पण आपल्याकडे अंगावर वर्दी चढली, की माणूस मेजरच होतो.

[दृश्य : बंद टीव्ही. त्यावर क्रोशाचा रुमाल.]

7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. सकाळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं : नऊ ठिकाणं, दहशतवाद्यांचे तळ. तोवर सगळं घर टीव्हीपुढे होतं. बिघडलं ते 8 मेच्या रात्री. काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. आपलं सैन्य सीमा ओलांडून आत गेल्याचंही सांगून टाकलं. यातलं काहीच घडलेलं नव्हतं.

स्टुडिओत जल्लोष. इथं, या खाटेवर बसलेल्या आईच्या कानात एकच शब्द अडकला. घुसले.

आपण तो शब्द ऐकतो आणि छाती फुगवतो. तिच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता : म्हणजे आपला पोऱ्याही गेला. हरल्याची बातमी घाबरवते, हे कुणालाही कळतं. जिंकल्याची बातमी काय करते, ते या खाटेवर कळतं. त्यात मधूनमधून भोंगा. हवाई हल्ल्याचा भोंगा, टीव्हीतून, या अंगणापर्यंत. नात कानावर हात ठेवून चुलीपाशी जाऊन बसली.

कार्यक्रमांत तो भोंगा वाजवू नका, असं सरकारला 10 मेला वाहिन्यांना सांगावं लागलं. त्याआधी, 26 एप्रिललाच, माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूचना निघाली होती : लष्करी कारवाई आणि फौजेच्या हालचाली थेट दाखवू नका. कारगिल, 26/11, कंदहारचं विमान अपहरण, सगळे दाखले दिले होते. कागद चांगला होता.

"बंद कर रे ते. माले नही देखनं," आई म्हणाली. रिमोट तिनं कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे सारला. आम्ही गेलो तेव्हाही तो तिथंच होता, पिठानं पांढरा झालेला.

[दृश्य : धुळ्याकडे जाणारा रस्ता.]

तिची भीती हवेतली नव्हती. धुळे तालुक्यातलं बोरविहीर इथून फार लांब नाही. 29 सप्टेंबर 2016 ला सर्जिकल स्ट्राइकची घोषणा झाली, आणि त्याच दिवशी त्या गावचा, 37 राष्ट्रीय रायफल्सचा एक जवान चुकून नियंत्रण रेषेपलीकडे गेल्याचं कळलं. त्याचा स्ट्राइकशी संबंध नाही, हे लष्करानं स्पष्ट केलं. पण टीव्हीच्या पडद्यावर दोन्ही बातम्या शेजारी शेजारी पळत होत्या. नातू पकडला गेल्याचं ऐकून त्याच्या आजीनं धक्क्यानं प्राण सोडला. नातू 21 जानेवारी 2017 ला वाघा सीमेवरून परत आला.

कारगिलच्या वेळी निदान पत्रं होती. '56 एपीओ'चा, म्हणजे लष्करी टपालाचा, शिक्का असलेलं पत्र हातात पडलं, की पंधरा दिवसांपूर्वी पोरगा धड होता, एवढं तरी कळायचं.

[दृश्य : पाचोरा स्टेशन, फलाट.]

ऑपरेशन सिंदूरच्याच आठवड्यात या फलाटावरून एक जवान निघाला. लग्नाला जेमतेम तीन दिवस झालेले. हळद, कुंकू, रेल्वे : कॅमेऱ्याला आणखी काय हवं? ते चित्र देशभर फिरलं. या घरच्या सूनबाईंनीही मोबाइलवर पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो पोचला का, ते नाही दाखवलं कुणी."

आम्हीही कॅमेरा घेऊनच या दारात उभे होतो, हे लपवत नाही. आईनं पहिल्यांदा विचारलं, "कोनता चॅनलना शेतस?" कुठल्याच नाही, म्हटल्यावर पाणी आलं, मग चहा.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. मे 2025. अगदी जवळून.]

या घरची बातमी इथं लागायची. पेन सूनबाईंचं. 7 तारखेच्या चौकोनात लिहिलंय : 2.15. 8 तारखेला : 11.40. म्हणजे त्या वेळी व्हॉट्सअॅपवर 'लास्ट सीन' दिसलं. बोलणं नाही, मेसेज नाही. फोन त्यानं हातात घेतला होता, एवढाच पुरावा. सासू रोज सकाळी विचारायची, काय आलं? सून आकडा सांगायची. मग चहा व्हायचा.

9 तारखेचा चौकोन कोरा आहे.

10 मेला दुपारी दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांचं बोलणं झालं. संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं, की पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलंय. हे या घराला शेजाऱ्यांच्या टीव्हीवरून, भिंतीपलीकडून कळलं. इथला टीव्ही कुणी लावला नाही.

फोन रात्री आला. सगळे उठून उभे राहिले, आणि मोबाइल आईच्या हातात दिला गेला. कराची नाही, ड्रोन नाही, कुठं आहेस तेही नाही. ती म्हणाली,

"जेवना का रे भाऊ?"

10 तारखेच्या चौकोनात आकडा नाही. तिथं लिहिलंय : जेवला.