पळत्या इंजिनाला चालायला लावताना

यार्डात डबे लावणाऱ्या इंजिनाला, वेगळी सूचना नसेल तर, भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही. हा आकडा आपल्या टेबलावरच्या मॉडेल रेल्वेवर, म्हणजे रुळांवर चालणाऱ्या छोट्या प्रतिकृतींवर, आणायचा झाल्यास हिशेब सोपा आहे. एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणातले मॉडेल इंजिन एक मीटर रूळ किती सेकंदांत कापते ते मोजावे आणि ३१३ ला त्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे खऱ्या गाडीचा ताशी वेग. ताशी १५ साठी एका मीटरला जवळजवळ २१ सेकंद लागायला हवेत. माझ्या एका जुन्या शंटिंग (डबे लावणाऱ्या) मॉडेल इंजिनाला मी पहिल्यांदा घड्याळ लावले, तेव्हा १२ व्होल्टवर ते अडीच सेकंदांत पलीकडे पोचले होते. म्हणजे ताशी १२५! त्याहून वाईट हे की, चार व्होल्टपर्यंत ते जागचे हलत नसे, आणि हलले की उडी मारूनच निघे.

उघडून पाहिल्यावर कारण समोरच होते. मिनिटाला दहा हजारांच्या घरात फिरणारी मोटर, तिच्या दांड्यावर एकेरी आट्याचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, आणि त्याखाली अवघ्या १५ दातांचे चक्र; म्हणजे मोटरच्या पंधरा फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा. बारा मिलिमीटर व्यासाच्या चाकाला एवढे गिअर दिले, तर ते सेकंदाला ४० सेंटिमीटर पळणारच.

पहिला उपाय म्हणून बहुतेक जण मोटरच्या तारेत रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणारा भाग, जोडतात. मीही जोडला होता, आणि तो तापून इंजिनाच्या प्लॅस्टिकच्या टपाला आतून फोड आला, ही माझीच चूक. पण उष्णता बाजूला ठेवली तरी रेझिस्टरचा स्वभावच या कामाला अडचणीचा आहे, कारण प्रवाह वाढला की तो जास्त व्होल्ट खातो. लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या रूळमार्गावर, खंडाळ्याच्या घाटासारखा ३७ ला १ असा चढ केलात, तर भार वाढताच इंजिन रखडते आणि उतारावर मोकळे सुटते. नेमके नको तेच.

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, यापेक्षा बरा, कारण प्रवाह कमी-जास्त झाला तरी तो साधारण ०.७ व्होल्टच अडवतो. दोन्ही दिशांना चालण्यासाठी सोपी युक्ती अशी की, छोटा ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडांचा तयार संच) घ्यावा, त्याचे अधिक आणि उणे पाय एकमेकांना जोडून टाकावेत, आणि एसीचे दोन पाय मोटरच्या एका तारेत घालावेत. दर रेक्टिफायरमागे १.४ व्होल्ट कमी होतात. दोन घातल्यावर माझे इंजिन ताशी १२५ वरून ९५ च्या आसपास आले.

मात्र ती सुरुवातीची उडी तशीच राहिली. मोटर सुटायला लागणारे चार व्होल्ट कमी झालेले नसतात. कंट्रोलरचा नॉब तेवढा आणखी पुढे फिरवावा लागतो. वरचा वेग कापला म्हणून इंजिन सावकाश चालू लागत नाही, आणि आपल्याला हवे असते ते सावकाश चालणे. त्यासाठी मोटरला सलग कमी व्होल्ट देण्याऐवजी पूर्ण व्होल्टचे छोटे ठोके द्यावे लागतात. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत इंजिनात बसवला जाणारा डिकोडर हेच करतो, शिवाय दोन ठोक्यांमधल्या फटीत मोटरने स्वतः निर्माण केलेले व्होल्ट मोजून पुढचा ठोका लहान-मोठा करतो. त्यात सी.व्ही., म्हणजे डिकोडरच्या क्रमांक दिलेल्या सेटिंग्ज असतात; सी.व्ही. २ ने सुरुवातीचे व्होल्ट, ५ ने वरची मर्यादा आणि ६ ने मधला टप्पा ठरतो. माझ्या मते ५ ला हात लावण्याआधी २ नीट बसवावा. बहुतेक जण उलटे करतात.

तरीही मला सर्वांत जास्त भरवसा गिअरचा वाटतो. व्होल्ट कमी केले की मोटरचा जोर घटतो, तर गिअरने वेग निम्मा केला की, घर्षणात जाणारा थोडा भाग सोडल्यास, चाकाचा जोर दुप्पट होतो. १५ ऐवजी ३० दातांचे चक्र बसवायला मात्र वर्म आणि चक्र यांतले अंतर बदलावे लागते, आणि ते काम नाजूक आहे: घट्ट बसले तर मोटर कण्हते, सैल राहिले तर दात घसरतात. मी वर्मखाली पातळ कागदाची पट्टी धरून अंतर ठरवले आणि मग पट्टी ओढून काढली. त्याच वेळी आतले गोंदासारखे झालेले जुने ग्रीस काढले, चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि रेक्टिफायर काढून डिकोडर घातला. त्या रात्री तेच इंजिन एका मीटरला २४ सेकंद घेत, चार डबे ढकलत, न अडखळता गेले.